घाटातच गळणारं डिझेल

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात 'माझं काम' या कार्यक्रमात केलेलं भाषण. मध्येमध्ये आलेले प्रश्न आणि हशा गाळला आहे, भाषा बोलणाऱ्याचीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



माझ्या आधी आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं हृदयाच्या झडपांवर बोलून टाळ्या घेतल्या. तिच्या आधी बँकेतल्या मित्रानं निवृत्तीनंतरच्या पैशांचं गणित मांडलं. आता तुमच्या नशिबी ट्रकचं इंजिन आलंय, तेही जेवणाच्या आधी. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. तीस वर्षांच्या वर गॅरेज चालवतोय. सगळं सांगत बसलो तर उद्याचा चहा इथंच होईल. म्हणून एकच गाडी सांगतो, आणि तिचा एकच बिघाड. गाडी आपल्याच वर्गातल्या एकाची आहे. "सांग, पण नाव घेऊ नको," म्हणालाय. तुम्हाला कळेलच, कारण तो आत्तापासूनच खाली बघायला लागलाय.

हा आपला मित्र गाडीचा मालकही आणि ड्रायव्हरही. थोरला मुलगा क्लीनर म्हणून बरोबर असतो. इकडून साखर, पेंड, काय मिळेल ते भरायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं आणि येताना जांभ्याचे चिरे भरून तोच घाट चढायचा. ज्यांनी तो घाट फक्त एसटीतून बघितलाय त्यांना धबधबे आठवत असतील. भरल्या ट्रकच्या ड्रायव्हरला पोफळीपासून वरपर्यंत फक्त पहिला, दुसरा आणि फार तर तिसरा गिअर आठवतो.

त्याच्या गाडीचं मूळ इंजिन संपलं होतं. ब्लॉकलाच तडा गेलेला, म्हणजे बोअर करून, लायनर घालून भागण्यासारखं नव्हतं. मग त्यानं एका अपघातातल्या गाडीचं चालू इंजिन विकत घेतलं. कंपनी तीच, सहा सिलिंडरच, पंपही तसाच जुन्या पद्धतीचा इनलाइन. पावसाळ्यात धंदा मंद असतो, तेव्हा बाहेरगावच्या एका गॅरेजात ते बसवून घेतलं. कुठलं गॅरेज, ते महत्त्वाचं नाही. पैसे कसे उभे केले ते महत्त्वाचं आहे. वहिनींच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. हे सांगायची परवानगी मी वहिनींकडून वेगळी घेतली आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण इथं निम्म्या लोकांच्या दारात ट्रॅक्टर नाहीतर टेम्पो उभा आहे. इंजिन बदललं की त्याचा नंबर बदलतो, आणि तो आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ त्यासाठीच आहे. पुढं अपघात झाला, विम्याचा माणूस आला आणि ब्लॉकवरचा नंबर कागदाशी जुळला नाही, तर कोण बरोबर होतं हा विषयच मागे पडतो. आपल्या मित्रानं ते काम आधीच केलं होतं. शाळेत वह्या अपुऱ्या असायच्या, पण कागदपत्रांत पक्का निघाला.

आता बिघाड. इंजिन छान चालत होतं. आवाज स्वच्छ, धूर नाही, ओढ चांगली. पण पहिल्याच भरल्या खेपेत घाट चढून वर आल्यावर केबिनमध्ये डिझेलचा वास. खाली उतरून बघितलं तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात तो भाग, आम्ही बेल हाउसिंग म्हणतो, तो ओला आणि तिथून थेंब पडताहेत. हेळवाकच्या पुढं रस्ता सपाट झाला तसं थेंब थांबले. घरी आल्यावर गाडी रात्रभर उभी केली, खाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठा कोरडा.

ज्यानं इंजिन बसवलं त्याच्याकडं तो गेला. त्यानं इंजिन चालू केलं, कुठं गळत नव्हतं, तरी सगळे नट एकेक पीळ घट्ट करून दिले. पुढच्या खेपेला पुन्हा घाटात वास, पुन्हा थेंब. मग दुसऱ्या मिस्त्रीनं नोझलवरच्या रिटर्न पाइपचे तांब्याचे वायसर बदलले. दोन खेपा बरं वाटलं, तिसऱ्या खेपेला जास्तच गळालं. तिसरा म्हणाला, बेल हाउसिंगमधून पडतंय म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. चौथा म्हणाला, पंप खोला, तीसेक हजार धरून चला.

खेपेला तीन-चार लिटर डिझेल रस्त्यावर जात होतं. पण नुसत्या डिझेलचाच हिशेब असता तर मी आज ही गोष्ट सांगितली नसती. एका खेपेला वळणावर गाडी दुसऱ्या गिअरला असताना इंजिन घुमायला लागलं आणि चाकं मात्र ओढेनात. बेल हाउसिंगच्या आत क्लच प्लेट असते. तिच्यावर डिझेल गेलं होतं आणि ती घसरत होती. ब्रेक दाबेपर्यंत पंधरा-सोळा टनांची गाडी हातभर मागं आली. मागं जीप होती. पोरानं चालत्या गाडीतून उडी टाकून चाकाला दगडाची उटी लावली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्याकडं आले. पोरगा एकच वाक्य बोलला, "काका, आता पप्पांना एकट्याला घाटात पाठवायचं नाही."

शिवाय आगीची भीती वेगळीच. लोक म्हणतात डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही. खरं आहे, पण अर्धंच. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस धरलाय, म्हणजे तेवढ्या उष्णतेला त्याची वाफ ज्योत लागली तर भडकू शकते. बॉनेटखाली ३५ अंश म्हणजे काहीच नाही. आणि भरली गाडी घाटात ओढत असते तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चार-पाचशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर डिझेल पडलं तर ठिणगीची वाट बघावी लागत नाही.

तर गाडी माझ्याकडं आली. माझी दोन पोरं लगेच पाने घेऊन धावली, त्यांना थांबवलं. गळतीच्या गाडीला पहिल्यांदा पाना लावायचा नाही. पाना लावला की पुरावा गेला. कुठला नट ढिला होता, कुठला नव्हता, हे नंतर ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

आधी डिपस्टिक काढून बघितली. ऑइलची पातळी वाढलेली नव्हती, वास घेतला तर डिझेलचा वास नव्हता. याचा अर्थ डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरत नाही. हे बघणं फार जरुरीचं, कारण डिझेल ऑइलमध्ये मिसळलं तर ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. बाहेर गळणारं डिझेल डोळ्यांना दिसतं तरी, हे दिसत नाही. मग बेल हाउसिंगखालचा थेंब बोटावर घेतला. ते निव्वळ डिझेल होतं, काळं नाही, चिकट नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून आलं असतं तर इंजिन ऑइल आलं असतं. म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याचा प्रश्न तिथंच मिटला.

मग इंजिन धुतलं. चांगलं, पंपापासून हेडपर्यंत, हवा मारून कोरडं केलं. आणि नंतर जे केलं त्यात आपल्या शाळेचा हात आहे. खडूची पूड. किराणा दुकानातून पांढऱ्या खडूंची पेटी आणली, पोरांना कुटायला लावली, आणि डिझेलच्या प्रत्येक जोडावर ती पूड भुरभुरली. कोरड्या पांढऱ्या पुडीवर डिझेलचा एक थेंब आला तरी काळपट ओघळ दिसतो, आणि ओघळ वरच्या टोकाला जिथं सुरू होतो तिथंच गळती. हे फार महत्त्वाचं, कारण डिझेल पाण्यासारखं जागेवर टपकत नाही. ते धातूवर पसरतं, पंख्याचा वारा त्याला मागं ढकलतो, आणि घाटात गाडीचं नाक वर असतं म्हणून सगळं मागच्या बाजूला वाहतं. चार मिस्त्री बेल हाउसिंगजवळ का अडकले, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

इथं जरा थांबून डिझेलचा रस्ता सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो. फीड पंप म्हणजे मोठ्या पंपाच्या कुशीला लावलेला छोटा पंप, त्यावरच हातानं दाबायचा प्रायमर असतो. तो डिझेल फिल्टरमधून मोठ्या पंपाला देतो. इथवर दाब फार नसतो, एक-दोन बार. मोठा पंप ते सहा जाड लोखंडी पाइपांतून सहा नोझलना देतो, तिथं मात्र जुन्या इंजिनांतसुद्धा नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतात. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. आणि जे डिझेल उरतं, पंपाचं जास्तीचं आणि नोझलमधून पाझरलेलं, ते दोन्ही एका रिटर्न पाइपला मिळून परत टाकीत जातं. या परतीच्या रस्त्यावर दाब असायलाच नको. म्हणून तिथले पाइप बारीक, जोड हलके, वायसर तांब्याचे.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा जो ओढण्याचा भाग, तिथली गळती कधी थेंब देत नाही. ती हवा ओढते. गाडी सकाळी चालू होत नाही, प्रायमर मारमारून हात दुखतो, आणि जमिनीवर ओलसुद्धा नाही, तेव्हा समजायचं की टाकीकडच्या पाइपात कुठंतरी सुईएवढं भोक आहे.

गाडी गॅरेजात अर्धा तास चालवली. पूड पांढरीच्या पांढरी. रेस दिली, तरी काही नाही. म्हणजे बिघाड उभ्या गाडीत येतच नाही, आणि जो बिघाड समोर येत नाही तो दुरुस्त झाला की नाही हे कळायचा मार्ग नाही. मग दुसऱ्या दिवशी क्लच प्लेट बदलून, नव्यानं पूड टाकून, मी स्वतः त्याच्याबरोबर चिपळूणला गेलो. येताना चिरे भरले. पोफळी सोडली, अर्ध्या घाटात एका रुंद जागी गाडी घेतली, चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. मागच्या, म्हणजे सहाव्या नोझलच्या रिटर्न जोडावरून ओघळ निघून सरळ खाली बेल हाउसिंगकडं गेला होता. बाकी पाचही नोझलांची पूड कोरडी. मोठ्या दाबाचे सहाही पाइप कोरडे.

बहुतेक लोक इथंच थांबतात. सहाव्याचा वायसर गेला, टाका नवा. पण तो वायसर दोनदा बदलून झाला होता. तिसऱ्यांदा तो का जाईल? इथं मला आपल्या विज्ञानाच्या सरांचा पास्कलचा नियम कामाला आला. सर समोर आहेत, चुकलं तर कान धरतील. बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सगळ्या दिशांना सारखा पोचतो, आणि भांडं जिथं सगळ्यात कच्चं असेल तिथून फुटतं. सहावा जोड हे फक्त कच्चं ठिकाण. खरा प्रश्न हा, की ज्या रस्त्यावर दाब असूच नये, तिथं दाब आला कुठून? परतीची वाट कुठंतरी बंद होत असणार. ती बंद झाली की फीड पंप जेवढं ढकलू शकतो तेवढा सगळा दाब त्या हलक्या जोडांवर येणार. आणि वाट बंद होते ती फक्त घाटात.

ही शंका होती. शंकेवर पैसे मागायचे नसतात, आधी ती तपासायची असते. घाटातच मी मूळ रिटर्न होज सोडला, आणि बरोबर आणलेला पारदर्शक होज इंजिनापासून चेसिसच्या बाहेरून थेट टाकीपर्यंत नेऊन तारेनं बांधला. वायसर तेच ठेवले, हात लावला नाही. पूड पुसून नवी टाकली. उरलेला घाट चढलो. पूड कोरडी, आणि होजमधून डिझेल परत जाताना डोळ्यांनी दिसत होतं.

मग मी त्याला म्हणालो, आता जुना होज परत जोडू आणि खाली उतरून पुन्हा चढू. आपला मित्र माझ्यावर असा खेकसला की बारावीपर्यंतचे सगळे हिशेब त्यानं काढले. थांबली गळती, तर आता परत कशाला गळवायची? त्याचंही खरं, भरल्या गाडीचं डिझेल जाळून दुसऱ्यांदा घाट म्हणजे चेष्टा नाही. पण जुना होज जोडल्यावर गळती परत आली, तरच दोष त्या होजच्या रस्त्यात आहे हे ठरतं. नाहीतर मधल्या वेळात इंजिन गार झालं म्हणून थांबली, की आपण जोड हलवला म्हणून थांबली, हे कसं सांगणार? घाटात खालपर्यंत जावं लागलं नाही, मधल्या एका टप्प्यापर्यंत उतरून परत चढलो. त्याच सहाव्या जोडावर पुन्हा ओघळ. आपला मित्र गप्प झाला आणि त्यानं मला टपरीवर भजी खाऊ घातली.

आता होज घाटातच का बंद व्हावा, हे गॅरेजात शोधलं. इंजिन चेसिसवर रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, घट्ट खिळलेलं नसतं. क्रँक एका दिशेला फिरतो, तेव्हा इंजिनाचं धड उलट दिशेला कलतं. उजव्या हाताच्या आपल्या गाड्यांत बहुतेक करून ड्रायव्हरच्या बाजूला इंजिन खाली दबतं आणि क्लीनरच्या बाजूला उचललं जातं. नुसती रेस दिली तर हा झोक क्षणभर येतो आणि जातो. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरला भरली गाडी ओढताना गिअरबॉक्स ओढ जितक्या पटीनं वाढवतो तितक्या पटीनं हा कलही वाढतो, आणि घाट संपेपर्यंत तसाच राहतो. गाडीच्या पुढं-मागं कोणाला उभं न ठेवता, चाकांना चांगले ठोकळे लावून, ब्रेक दाबून तिसऱ्या गिअरला क्लच हळूच सोडायला लावला आणि मी बाजूला उभा राहून बॅटरीचा झोत टाकला. ड्रायव्हरच्या बाजूचं माउंटिंगचं ब्रॅकेट बोटभर खाली आलं आणि त्याच्या आणि चेसिसच्या मध्ये रिटर्न होज चेपून पुरीसारखा चपटा झाला. क्लच दाबला, होज पुन्हा गोल.

नवं इंजिन तेच होतं, पण ज्या गाडीतून आलं तिचं ब्रॅकेट या गाडीच्या ब्रॅकेटपेक्षा जरा वेगळं, त्यामुळं ड्रायव्हर बाजूची फट कमी झाली होती. होज मात्र जुन्या इंजिनाचा, जुन्याच वाटेनं नेलेला. उभ्या गाडीत मधे बोटभर जागा दिसायची, म्हणून कोणाला संशय आला नाही. माझ्या धंद्यात मी हे पुन्हा पुन्हा बघतो. इंजिन बदलतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष इंजिनावर असतं. ऑइल बघतात, आवाज ऐकतात. पण इंजिन हा तयार, तपासलेला भाग असतो. घोटाळा होतो तो नवं आणि जुनं जिथं एकमेकांना भेटतं तिथं. पेपरात 'जोड्या लावा' असा प्रश्न असायचा ना, तसंच. होज, वायरिंग, अॅक्सिलरेटरची केबल, सायलेन्सरचा पाइप, यातलं प्रत्येक इंजिन कलल्यावर कुठं टेकतंय हे हातानं आणि डोळ्यांनी तपासावं लागतं, आणि गाडी भरून चालवून बघितल्याशिवाय ती मालकाच्या ताब्यात द्यायची नसते.

दुरुस्ती अगदी साधी. दीड मीटर नवा डिझेलचा होज, चेसिसच्या आतून न नेता वरच्या वाटेनं नेला, दोन ठिकाणी क्लॅम्पनं बांधला, टोकांना क्लिपा. बरोबर जाडीचं माउंटिंग बसवून फट परत मूळ मापावर आणली. सहाही नोझलांचे तांब्याचे वायसर नवे घातले. हे वायसर एकदा दाबले की कडक होतात, परत वापरायचेच असतील तर लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचे म्हणजे पुन्हा मऊ होतात, तांब्याचा हा गुण लोखंडाच्या उलट. पण नव्याची किंमत चहापेक्षा कमी आहे, मी तापवत बसत नाही. सगळं मिळून खर्च झाला तो पंप खोलण्याच्या तीस हजारांपुढं सांगण्यासारखाही नाही. क्लच प्लेटचे पैसे मात्र त्याला गळतीपायी भरावे लागले.

आता एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे, विशेषतः ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना, आणि आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं हे ऐकावं म्हणून. इंजिन चालू असताना नोझलच्या जाड पाइपांवर हात फिरवून गळती शोधायची नाही. तिथून निघणारी धार केसापेक्षा बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ती कातडी भेदून आत जाते. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर दाब १६०० बार आणि त्याच्याही वर असतो, त्यांच्या पाइपांचे नट चालू इंजिनावर ढिले करायचेच नाहीत. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. पहिले काही तास फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. आत डिझेल पसरत असतं, आणि उशीर झाला तर बोट, कधी पंजा काढावा लागतो. असं झालं तर जखम केवढीही छोटी दिसो, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं डिझेल आत गेलंय. 'गाडी दुरुस्त करताना टोचलं' एवढंच सांगितलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. पुठ्ठा ओला झाला की इंजिन बंद करायचं.

एक प्रश्न मधे कोणीतरी विचारला, की नव्या डिझेलमुळं जुने रबर गळतात का. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आलं, त्यात गंधक फारच कमी, दहा लाखांत दहा भाग. गंधक काढताना डिझेलचे इतर घटकही थोडे बदलतात, आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेली रबरी सीलं थोडी आकसू शकतात. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा असे प्रकार घडले होते. म्हणून जुन्या गाडीची फीड पंपाची आणि फिल्टरची रबरं बदलून घेणं शहाणपणाचं. या गाडीत मात्र त्याचा काही संबंध नव्हता.

इंजिन बसवणाऱ्या त्या गॅरेजला काही बोलावं असं मला वाटलं नाही. आपल्या मित्राला मी होजचा चपटा तुकडा दिला आणि म्हटलं, जाऊन दाखवून ये, भांडायला नाही, पुढच्या गाडीला उपयोग होईल म्हणून. तो गेला. मिस्त्रीनं तो तुकडा हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि दुकानात पान्यांच्या फळीवर खिळ्याला टांगून ठेवला. म्हणून आज तुम्हाला दाखवायला माझ्याकडं नाही.

त्यानंतर गाडी दोन हंगाम घाटात चढतेय. वहिनींच्या पाटल्या गेल्या दिवाळीत परत आल्या, आज त्या घालूनच आल्यात. पोरगा अजून बापाबरोबर जातो, पण आता जड वाहनाचं लायसन्स काढलंय, चढताना तो चालवतो आणि बाप शेजारी बसून त्याला शिव्या देतो. गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. जेवणानंतर ज्यांना बघायचं असेल त्यांनी या, बॉनेट मी उघडून दाखवीन. सर, तुम्ही मात्र पांढरा सदरा सांभाळून.